निळ्या माळांची गल्ली

बाबांना स्वतःचं घर सापडेनासं झालं, तेव्हा मी आधी चिडले आणि मग घाबरले. आमचं जुनं गाव गोसीखुर्द धरणाच्या पाण्यात गेलं. तिथे चिंचेपाशी वळले की ते डोळे मिटून घरी पोचायचे. पुनर्वसनाच्या गावात मात्र सगळे प्लॉट एका मापाचे, गल्ल्या सरळसोट, आणि घरं तर आख्ख्या गल्लीनं एकाच गवंड्याकडून बांधून घेतलेली. रंगसुद्धा एकच! त्यात बाबांना विसर पडू लागलेला. संध्याकाळी देवळाच्या पारावर गप्पा मारून परतायचे आणि भलत्याच्याच घरात शिरायचे. एकदा तर कुणाच्या नव्या सुनेच्या खोलीत जाऊन खाटेवर आडवे झाले. ती बिचारी किंचाळत बाहेर पळाली.

त्यानंतर मी ठणकावलं, "बाबा, दिवाळी झाली का शहापूरले माह्या घरी चला."

"तुह्या घरी येऊन काय करू? हायवेवरचे ट्रक पाहात बसू?"

आई गेल्यापासून तो पार म्हणजेच त्यांचं जग. तिथून उचललं तर बाबा खचतील हे मला कळत होतं, आणि एकटं ठेवलं तर एखाद्या दिवशी धरणाकडे चालत सुटतील ही धास्तीही होती.

म्हणून दिवाळीला मी आपोआप लागणारी लायटिंग घेऊन गेले. सूर्य मावळला की ती स्वतःहून लागते, आणि फोनवरच्या अ‍ॅपमधून हवा तो रंग देता येतो. बाबांकडे वायफाय कुठलं असायला? शेजारच्या वहिनीचं घेतलं. रंग निळा ठेवला.

"बाबा, निळं दिसलं का, तेच आपलं घर. ध्यानात ठेवा."

"बरं बापा! किती डाव सांगशील?"

आणि काय सांगू, त्या संध्याकाळी बाबा पारावरून उठले ते थेट निळ्या घरात! मला इतका आनंद झाला की दोनदा चहा केला.

पण आमच्या गल्लीत कुठलीही गोष्ट एकट्याची राहते होय? दुसऱ्या दिवशी वहिनी दारात. "बाई, आमच्याबी घराले लावून द्या ना वो." मग समोरचे आले, मग त्यांच्या बाजूचे. कोणी तरी भंडाऱ्याला जाऊन माळांचा ढीगच आणला. मीही मोठी शहाणी, फुशारकीनं शिडीवर चढले. रंग कोणता हवा विचारलं, तर सगळ्यांचं एकच उत्तर, "मामाजींच्या घराले हाये तोच!" गल्लीतल्या सुना बाबांना सासऱ्यासारखं मामाजीच म्हणतात.

पाडव्याला गायगोधन, म्हणजे गायींची पूजा, आटोपलं, गायी गोठ्यात गेल्या, अंधारून आलं आणि आख्खी गल्ली एकदम निळी झाली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाबा गल्लीच्या तोंडाशी उभे होते. पुढे येईनात, मागे जाईनात.

"आपलं कोन्तं वं, बाई?"

टाळ्या थांबल्या. स्वतःचाच इतका राग आला की सगळ्या माळा ओढून फेकाव्या असं वाटलं. "चला बाबा, तुमचे कपडे भरू. उद्याच निघू."

वहिनी आडवी आली. "काहून नेता त्याहिले? गल्ली मेली हाये काय? मामाजी घरात पोचले का मंग आपले लावू. तोवर अंधारात रायलो तर का बिघडते?"

प्रत्येक घराला वेगळा रंग देते, असं मी सुचवलं. वहिनी म्हणाली, "इतके रंग पाहून ते अजूनच घोटाळतीन." अंधारात थांबायच्या वहिनीच्या बोलण्याला मात्र कुणीही नाही म्हटलं नाही. मी बाकीच्या घरांचं आपोआप लागणं बंद केलं आणि त्या सगळ्यांचं बटण वहिनीच्या फोनवर दिलं; माझ्या अ‍ॅपमध्ये ती नुसती दिसत राहिली.

शहापूरला मी एकटीच परतले. संध्याकाळी हायवेवरच्या आमच्या किराणा दुकानात अ‍ॅप उघडून बसले. बाबांचं घर लागलं. बस, तेवढं एकच. ऐन सणात सारी गल्ली काळोखात, आणि इकडे मी नखं खात. फोन करावा का? नको, वहिनी चिडेल. गिऱ्हाईक साखर मागत होतं, मी त्याला मीठ दिलं. आणि मग स्क्रीनवर बाकीची सगळी घरं एकदम लागली. बाबा घरी पोचले होते! मी गिऱ्हाइकासमोरच ढसाढसा रडले.

दिवाळीनंतरची गावची जत्रा, मंडई, झाली, दिवाळी कधीच सरली. गल्लीतल्या एकाही घरानं अजून माळ उतरवलेली नाही.