गुदामाच्या दारातली गाय

मला बघायला आलेली मंडळी माझ्यावरून नाही, आमच्या गुदामावरून भांडली. वडिलांचं मांडवी बंदरावर कौलांचं गुदाम होतं, आणि पाहुणे बोटीतून उतरल्या उतरल्या त्यांनी त्यांना आधी तेच दाखवलं होतं.

मुलाचे काका बोटीवर सारंग. आमच्या घरी पोहे खाता खाता ते म्हणाले, गुदाम हा शब्द मूळचा मद्रासकडचा; तिथे किडंगू म्हणजे माल ठेवायची जागा. तो मलायात जाऊन गुदांग झाला आणि फिरंग्यांच्या गलबतांतून फिरत फिरत आपल्याकडे आला. वडिलांचं डोकंच फिरलं. त्यांच्या मते शब्द शुद्ध संस्कृत होता. गो म्हणजे गाय, धाम म्हणजे घर. झालं! दोघेही हट्टाला पेटले. शेवटी काकांनी टोपी चढवली. दुसऱ्यांच्या शब्दावर मालकी सांगणाऱ्यांशी सोयरीक नको, आम्ही आजच्याच बोटीने निघालो, म्हणाले.

पण मला मुलगा आवडला होता. माझे खारट झालेले पोहे त्याने मुकाट्याने संपवले होते आणि वर आणखी मागितले होते.

वडील हार मानतात कसले! गाय गुदामात माहेरी आल्यासारखी शिरते, ते बघा आणि मग खुशाल जा, म्हणाले. सगळ्यांना नेऊन आत कौलांच्या थप्प्यांवर बसवलं. आमची गाय माझ्याशिवाय कुणाला जुमानायची नाही, म्हणून नऊवारी, नथ अशा थाटात मीच तिला घेऊन गेले. आता मुलगी दाखवायची होती की गाय, देव जाणे.

कौलं फुटू नयेत म्हणून घालतात तो पेंढा दाराशी पडला होता. गाय तिथेच दार अडवून आडवी उभी राहून खायला लागली आणि मी दावं धरून बाहेरच राहिले. वडील म्हणाले, शिरली. काका म्हणाले, कुठे शिरली? तेवढ्यात बोटीचा भोंगा झाला. काका धावले, पण शिंगं बघून थबकले. दर्याला न भिणारा माणूस गायीला भ्याला.

वडिलांनी मला गायीला बाहेर ओढायला सांगितलं. एक हिसका दिला असता तर ती निमूट आली असती. मी नुसतं ओढल्यासारखं केलं. बोट चुकली तर मंडळी आमच्याकडेच राहणार, आणि राग काय, दोन जेवणांत उतरतो.

मुलगा गायीच्या पाठीवरून बाहेर डोकावला. माझ्या हातातलं ढिलं दावं त्याने बघितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तो हळूच म्हणाला, "आम्हाला सोडू नका इतक्यात. बोट अजून दिसतेय."