बोटीचा पायगुण

बलभीम आण्णाला पोहता येत नव्हतं, पण गावच्या तळ्यात बोट मात्र त्यालाच पाहिजे होती. अहो, ज्या धाराशिव जिल्ह्यात उन्हाळ्यात हंडाभर पाण्यावरून डोकी फुटतात, तिथं हा गडी बोट फिरवणार! तुळजापूरला निघालेले भाविक वाट वाकडी करून येतील, फोटो काढतील अन् आपल्याला 'बोटवाले आण्णा' म्हणतील, एवढंच त्याचं सपान. माणूस वाईट नव्हता. त्याला ऐकण्याचं तेवढं वावडं होतं.

पुण्याकडच्या एका तलावावरची जुनी बोट त्यानं घेतली. विकणाऱ्यानं बजावलं, "आमच्याकडं जलपर्णी फार माजलीय. बोट घासून धुवा, आतलं पाणी तळ्यापासून लांब ओता, उन्हात खडखडीत वाळवा, मगच पाण्यात घाला." आण्णानं मान डोलावली, म्हणजे ऐकलं नाही.

टेम्पो तळ्यावर आला तेव्हा बोटीच्या पंख्यात मुळ्या गुंतलेल्या अन् तळाशी पाणी डुचमळत होतं. कडेला एक जांभळं फूल अजून टवटवीत होतं.

"अवो, धुवा म्हणला व्हता न्हवं त्यो?" बायको धुरपदाबाई म्हणाली.

"येडी का खुळी तू? नवी नवरी हाय ती! नवरीला दारात कुणी आंघोळ घालतंय व्हय? तुकडा ओवाळून आत घेत्यात!"

त्यानं खरंच भाकरीचा तुकडा ओवाळला, नारळ फोडला अन् नवरी पाण्यात ढकलली. गावानं टाळ्या पिटल्या. गावाला काय, टाळ्या फुकट असतात.

पुढं तळ्याच्या कडेला हिरवी पानं तरंगायला लागली, मग जांभळी फुलं आली. आण्णा हरखून टुम्म! "बघा पायगुण! सूनबाई आली अन् तळं फुललं!"

दिवाळीपर्यंत त्या फुलांनी सगळं पाणी झाकलं. जाळं टाकायला जागा उरली नाही अन् नळाचं पाणी वास मारू लागलं. एक दिवस बोट मधोमध रुतली, आण्णासकट. दोर टाकून दोघांना ओढून काढलं. नाव झालंच म्हणा, 'फुलवाले आण्णा'!

"पायगुणच खोटा हिचा," म्हणत आण्णानं बोट विकायला काढली. गिऱ्हाईक आलं मल्लेश, उमरग्याकडचा, धुरपदाबाईच्या माहेरचा. बोट तिच्या माहेरच्या तळ्यात जायची होती. टेम्पोत चढवली तेव्हा पंख्याखाली मुळ्यांच्या झिपऱ्या तशाच लोंबत होत्या.

"चला, काढा गाडी," आण्णा घाई करत होता. "धुवायबिवायला येळ न्हाय."

धुरपदाबाईच्या डोळ्यांपुढं आईची घागर आली. ती टेम्पोच्या आडवी उभी राहिली.

"माझ्या आईच्या पाण्यात ही घाण घालता? आधी माझ्या अंगावरनं गाडी न्या!"

"अगं, लोक बघत्यात..."

"बघू द्या! नवरी नवरी करत व्हता न्हवं? मग ऐका. तुकडा ओवाळायच्या आधी नवरीच्या पायावर पाणी घालत्यात. माझ्याबी पायावर घातलं व्हतं तुमच्या आईनं. तुमी तुकडा तेवढा ध्यानात ठिवला अन् पाणी इसरलात. पायगुण तिचा न्हवता, तुमचा हाय!"

मल्लेशनं बोट खाली उतरवली, तळ्यापासून लांब, माळावर. धुरपदाबाईनं बादली अन् काथ्या नवऱ्यापुढं आदळला.

आण्णा गुडघ्यावर बसून बोटीच्या बुडाखालच्या मुळ्या उपटू लागला. सगळं गाव बघत उभं होतं. या वेळी टाळ्या कुणीच वाजवल्या नाहीत. धुरपदाबाई तेवढी कमरेवर हात ठेवून म्हणाली, "नवरीचा त्यो दुसरा पाय ऱ्हायलाय अजून."