आप्पांचा भीष्म

आमच्या वाडीत श्रावणात पोथी लागते ती आप्पांच्या पडवीत. मी ओव्या वाचतो, आप्पा अर्थ सांगतात. अध्याय उघडला की तो संपेपर्यंत अर्थ सांगणाऱ्याने पाटावरून उठायचं नाही, असा नेम. शेवटी सगळ्यांनी पोथीच्या आणि मग त्याच्या पाया पडायचं.

द्यूतसभा आली की आप्पांना चेव येई. भीष्माला ते नुसते सोलून काढत. "ज्याचं अन्न खाल्लं, त्याच्यापुढं तोंड उघडेना," म्हणत, आणि बायका डोळ्यांना पदर लावत. मला वाटायचं, हा माणूस त्या सभेत असता तर दुर्योधनाची धडगत नव्हती.

गेल्या वर्षी आप्पांचा धाकटा मुलगा विनीत तापाने गेला. थोरल्या दर्शनला आरे-वारेच्या किनाऱ्यावर येणाऱ्या पर्यटकांसाठी भाड्याच्या खोल्या काढायच्या आहेत, आणि विनीतच्या दोन खोल्या नेमक्या रस्त्याकडेला. विनीतच्या बायकोने, राजश्रीने, लेकीला घेऊन यंदाच्या गणपतीनंतर सावर्ड्याला माहेरी जावं, असं त्याने घरच्यांना बसवून ठरवून टाकलं. माहेरी आईबाप नाहीत, भावाचाच संसार एका खोलीत. तिने सासऱ्यांकडे बघून विचारलं, या घरात माझं काहीच नाही का? आप्पा सुपारी कातरत राहिले. त्यांचं जेवणखाण, औषधपाणी सगळं दर्शनच्या हातात. हे राजश्रीनेच माझ्या बायकोला सांगितलं.

या श्रावणात तोच अध्याय आला. दर्शन खांबाला टेकून बसला होता, राजश्री उंबऱ्याशी. द्रौपदी भर सभेत थोरामोठ्यांना जाब विचारते, ती ओवी मी वाचली आणि थांबलो. आप्पांनी पाणी मागितलं. तांब्या रिकामा झाला तरी तो त्यांच्या हातातच होता. उठायची सोय नव्हती. मी ओवी पुन्हा वाचली. खोटं कशाला सांगू, मला त्यांचा राग आला होता, आणि कीवही.

"भीष्म म्हातारे झाले होते," आप्पा म्हणाले. "पुढं वाच."

आरती झाली. एकेक जण पाया पडून बाजूला झाला. राजश्री सगळ्यांत शेवटी आली, वाकली. आप्पांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

"सुखी राहा."

"कुठं, आप्पा?" तिने मान वर न करताच विचारलं.

आप्पांनी दर्शनकडे पाहिलं. मग प्रसादाचं ताट माझ्याकडे सरकवलं आणि वाटायला सांगितलं.