पहिल्या दोन रांगा

परवा मोबाइलवर नाटकाची तिकिटं बघताना पहिल्या दोन रांगा आधीच राखीव दिसल्या आणि माझं डोकंच फिरलं. काही वर्षांपूर्वी आई कानाच्या डॉक्टरांना दाखवायला घोटीहून नाशिकला माझ्याकडे आली होती, तेव्हा शहरात दोन नाटकं लागली होती. विनोदी नाटकाची तिकिटं परवडण्यासारखी नव्हती. दुसऱ्याची बाल्कनी स्वस्त होती. आईनं तेच निवडलं. म्हणाली, "त्यात दोनच माणसं हायेत, कोण बोलतंय ते तरी कळंल." पण बाल्कनीत तिला काहीच ऐकू येईना, आणि खाली पहिल्या दोन रांगा रिकाम्या! मध्यंतरात ती सरळ खाली जाऊन पुढच्या खुर्चीत बसली. मीही मागोमाग गेले. दारावरचा माणूस धावत आला. "उठा मावशी, या जागा पासवाल्या पाहुण्यांच्या आहेत." त्यानं दुसऱ्यांदा सांगितल्यावर आई शांतपणे म्हणाली, "ते आले का उठते मी. तवर ऐकू द्या." तो खेकसला, "बाल्कनीवाल्यांनी बाल्कनीतच बसायचं!" आजूबाजूचे वळून बघायला लागले. मी तिचा हात धरला आणि पुटपुटले, "आई, चल ना, लोक बघतायत." ती उठली. पडदा पडेपर्यंत त्या रांगांत एकही पाहुणा फिरकला नाही. वर आई माझ्या तोंडाकडे बघत, मी हसले की हसत होती. त्या माणसाचा संताप अजून होतो, पण त्याहून जास्त माझा स्वतःचा होतो. कारण त्या संध्याकाळी मी पुटपुटलेलं तेवढं एकच वाक्य तिला पहिल्या झटक्यात ऐकू आलं होतं.