सगळे आले का?

आमच्या मंडळीतले वडील अण्णा घड्याळ मानत नसत. 'उपासना सकाळी नऊ वाजता' असे मी देवळाच्या फळ्यावर सुवाच्य अक्षरात लिहीत असे; अण्णा मात्र दारात उभे राहून घरे मोजत. आमची घरे अकरा. एखादे कमी भरले की विचारत, "सगळे आले का?" मग कोणीतरी बोलवायला जाई आणि नवाचे दहा होत. पोरांनी त्यांचे नावच 'सगळे-आले-का अण्णा' ठेवले होते.

येथे एका शब्दाचा खुलासा आवश्यक आहे. आम्ही ख्रिस्ती माणसे इमारतीला देऊळ म्हणतो आणि माणसांना मंडळी. मी सेक्रेटरी, माझ्या नियमपुस्तकाप्रमाणे पाच पंच हजर असले की मंडळीचा ठराव होतो. अण्णांना हे कधीच पटले नाही. "पाच जण म्हंजे पंच, मास्तर. मंडळी न्हवं."

या एका शब्दापायी देवळाचे छप्पर घालायचे राहिले. जुने पत्रे सडले होते आणि पाणी उत्तरेकडच्या मातीच्या भिंतीत मुरत होते. नवे पत्रे एका सद्गृहस्थाने पाठवले, ते देवळामागे रचून ठेवले. काम दोन दिवसांचे. परंतु दिवाळी झाली की आमची सात घरे कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. ती चैत्रात परततात, तेव्हा लग्नसराई असते. ती आटोपेपर्यंत पेरणी येते. अकरा घरे एका दिवशी गावात सापडणे दुर्मीळ. मी पाळ्यांचा तक्ता केला, तो भिंतीवर लावला. अण्णांनी तो शांतपणे वाचला आणि म्हणाले, "अक्षर लई झ्याक हाय."

एका पौषात मी नांदूरघाटहून चार गडी आणि शिडी आणली. अण्णा येऊन शिडीच्या खालच्या पायरीवर बसले. मी नियम सांगितला, भिंतीची ओल दाखवली, शेवटी आवाजही चढवला. ते उठले नाहीत.

"माझ्या बापानं छप्पर घातलं, तवा येसूदासचं घर कारखान्यावर गेलतं," ते म्हणाले. "परत आला, तर समदं झालेलं. तवापासून तो दारातच बसायचा. आत या म्हणलं तर म्हणायचा, माझा एक खिळा बी न्हाई वर. मरेपर्यंत दारात बसला, मास्तर."

"आणि भिंत पडली तर?"

"भिंत पुन्हा बांधता येती."

गडी चहा पिऊन परत गेले.

भाद्रपदात भिंत पडली, ती नेमकी भजनाच्या पेटीवर. सुदैवाने आत कोणी नव्हते. पुढच्या सभेत मी इतिवृत्त काढून वेळोवेळच्या माझ्या सूचना तारखांसह वाचून दाखवल्या. अण्णांनी सर्व ऐकून घेतले. "तुमचं बरोबर हाय, मास्तर," एवढेच बोलले. मला त्याचाच अधिक संताप आला. चूक मान्य करणारा मनुष्य पुढे निदान वाट तरी मोकळी करतो. अण्णांनी तेही केले नाही. उपासना लिंबाखाली भरू लागली आणि पत्रे जागेवरच राहिले.

गेल्या वर्षी अण्णांची दृष्टी जवळजवळ गेली. त्यांची मुलगी रूथ त्यांना आष्टीला न्यायला आली, तीही दिवाळीनंतर. टोळ्या आदल्या आठवड्यातच निघाल्या होत्या. उरलेल्या घरांतली माणसे कापूस वेचणीला गेली होती. निरोपाला मी आणि माझी पत्नी, एवढेच होतो. अण्णा जीपचे दार धरून उभे राहिले, आत बसेनात. रूथ वडिलांना म्हणाली, "दादा, बसा आता, उशीर होतोय."

त्यांनी माझ्या दिशेने मान वळवली. "सगळे आले का?"

इतकी वर्षे शाळेत हजेरी घेतली. गैरहजर मुलाला हजर असे मी कधी लिहिले नाही. "आले, अण्णा," मी म्हणालो.

"मग बोलत कावून न्हाईत?"

"तुम्ही निघालात म्हणून."

त्यांनी चारी दिशांना हात जोडले आणि ते जीपमध्ये बसले.

आता मला अडवणारे कोणी नाही. पाच पंच गावात आहेत, ठराव झाला आहे, भिंतही उभी राहिली आहे. चैत्र सरत आला. सातांपैकी सहा घरे परतली. सातव्याचा मुकादम म्हणतो, अजून आठ दिवस लागतील. पंच रोज विचारतात, मास्तर, आता कशासाठी थांबलात? मला अण्णांचा राग येतो. शिडी भिंतीला लावून ठेवली आहे. तिच्या खालच्या पायरीवर सध्या मीच बसतो.