तोटीला बांधलेलं फडकं

भांडण ऐकू जाऊ नये असा विचार काही पिपलानीतले कारखान्याचे क्वार्टर बांधणाऱ्यांनी केलेला नव्हता. दोन खोल्या आणि मधे पडदा. लग्नाला वीस दिवस झालेली कमलिनी पडद्याअलीकडे पोळ्या लाटत होती, पलीकडे तिचा नवरा गोपीनाथ आणि सासूबाई यांचं जुंपलं होतं. धाकट्या नणंदेला, रत्नप्रभाला, ग्वाल्हेरच्या पाहुण्यांनी नाकारलं होतं. दुसरा नकार. मुलगी आजारी दिसते म्हणाले.

"डॉक्टरीणबाई म्हणाल्या, मलम नको, झोप द्या," गोपीनाथ सांगत होता. "झोपेत कातडी आपली आपण भरून येते. हिला पाच तास तरी मिळतात का?"

"मग पहाटे पाणी कोण भरणार? तुझा डबा कोण करणार?"

यावर गोपीनाथनं चपला अडकवल्या. डबा त्याचाच होता ना.

नळ चारला यायचा. दुसऱ्या दिवशी रत्नप्रभाच्या आधी कमलिनी उठली. बादलीत धार पडून आवाज होऊ नये म्हणून तिनं तोटीला जुन्या धोतराचं फडकं बांधलं, टोक बादलीत सोडलं. पाणी फडक्यावरून मुकाट उतरायला लागलं. मग पाणी, डबा, दूध, सगळं तिचंच झालं. कारखान्याचा भोंगा झाला तरी रत्नप्रभा कूस बदलून पुन्हा झोपायची.

पंधरा दिवसांत तिच्या डोळ्यांखालची सूज उतरली. मग काळेपणा निवळला, कपाळावरच्या पुटकुळ्या सुकल्या, आणि तिसऱ्या महिन्यात गालांना अशी तकाकी आली की उज्जैनची मंडळी चहा संपायच्या आत हो म्हणाली. सासूबाईंनी सगळं श्रेय हळद-मलईला दिलं. कमलिनीनंही मान डोलावली. हळद तीच तर वाटत होती.

रत्नप्रभाचं लग्न झालं, पण नळ काही चार वाजता यायचा थांबला नाही. पुढे कमलिनीला दोन मुलं झाली, सासूबाईंनी अंथरूण धरलं, गोपीनाथच्या पाळ्या बदलत राहिल्या. पहाटेच्या झोपेवर कोणाचा हक्क असतो हे एकदा ठरलं की घरात पुन्हा कोणी विचारत नाही. दहा-बारा वर्षांनी शेजारच्या शशिकलानं भिंतीवरचा कमलिनीचा नवरीच्या साडीतला फोटो बघून विचारलं, ही तुमची धाकटी बहीण का हो? कमलिनी म्हणाली, हो, लांब असते, येणं होत नाही.

रत्नप्रभा मात्र दरवर्षी यायची. माहेरी कशी गाढ झोप लागते, म्हणायची. कमलिनीला वाटायचं, एकदा ही म्हणेल, वहिनी, आज पाणी मी भरते, तू पड. एवढंच. वाट बघण्यात तेहेतीस वर्षं गेली. गोपीनाथ रिटायर झाला, बाग सेवनिया वस्तीत स्वतःचं घर झालं, गोपीनाथ गेलाही. प्यायचं पाणी तिथंही पहाटेच यायचं.

यंदा रत्नप्रभा परत जायच्या आदल्या दिवशी दुपारी दोघी मटार सोलत बसल्या होत्या. रत्नप्रभा पंचावन्नची, पण कपाळावर आठी नाही. तिनं कमलिनीची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"वहिनी, किती गं काळवंडलीस. जरा झोपत जा. झोपेनं कातडी सुधारते, मला अनुभव आहे."

कमलिनी आधी हसली, मग पदरानं डोळे पुसले. मटारात कसली तिखट धूळ आहे म्हणाली. सकाळपासून डावा हात भरून आला होता, छातीतही कळ येत होती, तेही सांगायचं राहिलं. सांगितलं असतं तर रत्नप्रभा रात्रभर जागी राहिली असती.

"बरं," ती म्हणाली, "उद्या झोपेन."

पहाटे नळ आला. कमलिनीनं तोटीला फडकं बांधलं, टोक बादलीत सोडलं. दोन बादल्या आणि एक कळशी भरली, वर ताटं झाकली. ऊन तोंडावर येऊ नये म्हणून रत्नप्रभाच्या उशाशी खिडकीचा पडदा ओढला, टोकाला चाप लावला. फडकं पिळून दोरीवर वाळत टाकलं. आणि मग, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, परत अंथरुणावर जाऊन आडवी झाली.