जमलं तर येते

आमच्या उस्मानपुऱ्यातल्या सोसायटीत सुलेखाताई वैजापूरकरांना कार्याला बोलावणं हेच एक मोठं कार्य असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पत्रिका पाठवली तर त्यांच्या लेखी ती आलेलीच नसते. घरी जायचं, हळदीकुंकू लावायचं, हातावर अक्षता ठेवायच्या, त्यांच्या यजमानांना, अनंतरावांना वाकून नमस्कार करायचा आणि मग बाईंच्या तोंडून ऐकायचं, "बघू, जमलं तर येते." हा नकार नसतो. याचा अर्थ एवढाच की पुन्हा एकदा या. माझ्या थोरलीच्या लग्नाला मी तळमजल्यावरून तिसऱ्या मजल्यावर तीन खेपा घातल्या. तिसऱ्या खेपेला आतल्या पलंगावर लग्नात नेसायची साडी, ब्लाउज आणि हातरुमाल मांडून ठेवलेले मला दारातून दिसत होते. तरी बाई म्हणाल्या, "बघू." त्या दिवशी मला खरंच राग आला होता, पण लेकीचं लग्न होतं म्हणून गिळला.

अशा बाईला बावन्नाव्या वर्षी इन्फ्लुएन्सर व्हायची हौस आली. त्यांची लेक वैदेही नोकरीला पुण्याला गेली, जाताना आईच्या फोनवर खातं उघडून गेली आणि बाईंनी कपाट उघडलं. पैठण्या, इरकली, आजीची रेशमी विणीची हिमरू शाल. साडीबद्दल त्यांना कळतं, हे मी भांडण असतानाही कबूल करेन. पदर हातात घेऊन तिचं वय सांगतात. तीन वर्षांत एक्केचाळीस हजार लोक त्यांच्या मागे लागले. या तीन वर्षांत फोन कुणी धरला? मी. गच्चीत, जिन्यात, एकदा तर पाण्याच्या टाकीवर चढून. रीलमध्ये माझं नाव कधी आलं नाही, अंगठा मात्र दोनदा आला.

मग त्यांच्या मनानं घेतलं की मुंबईच्या फॅशन वीकला जायचं, आणि जायचं ते बोलावणं येऊनच. याला कारण होती त्यांची दादरची नणंद. ही नणंद अठ्ठावीस वर्षं प्रत्येक भेटीत त्यांचा पदर दोन बोटांत धरून विचारत आली, "तुमच्याकडे मिळतं का गं असं?" बाईंना त्या मांडवात खुर्चीवर बसलेला स्वतःचा एक फोटो हवा होता, आणि तो नणंदेला दिसायला हवा होता. बाकी सगळं त्याच्यानंतर.

चौकात एका जिमच्या वरच्या खोलीत शिवराज नावाच्या तरुणानं इन्फ्लुएन्सर घडवायचा क्लास काढला होता. स्वतः कुठं गेला होता ते विचारलं की हसायचा. पण सांगत होता ते मुद्द्याचं होतं. तिथं कोणी तुमच्या घरी कुंकू घेऊन येणार नाही, म्हणाला, तिथं आपणच विचारावं लागतं. पाहुण्यांची यादी डिझायनर करत नाही, त्यानं नेमलेली पीआर कंपनी करते, तिथल्या माणसाचं नाव शोधा आणि दोन महिने आधी चार ओळींचा मेल टाका. सोबत स्वतःची एक पानाची ओळख जोडा. आधी गावातल्या लहान कार्यक्रमांना जा, फोटो जमवा. आणि बोलावणं आलंच तर तासाभरात होकार कळवा. हे शेवटचं त्यानं दोनदा सांगितलं. बाईंनी डायरीत सगळं उतरवलं, हे सोडून. परतताना मी विचारलं तर म्हणाल्या, "ते आपल्यात नाय बसत."

एक पानाची ओळख त्यांनी स्वतः लिहिली. वर श्री गणेशाय नमः, खाली पूर्ण नाव, जन्मवेळ, उंची, रंग गव्हाळ, शिक्षण, गोत्र, माहेर, मामांचं गाव सोयगाव, आणि सगळ्यात शेवटी फॉलोअर. लग्नाचं स्थळ शोधायला निघालेला तो बायोडाटा पाहून शिवराजनं डोकं धरलं. त्यानं गोत्र आणि रंग काढला. बाईंनी रंग काढू दिला, गोत्र परत घातलं.

लहान कार्यक्रम म्हणून आम्ही एका सराफाच्या नव्या शोरूमच्या उद्घाटनाला गेलो. बिनबोलावता कुठं जायची बाईंची आयुष्यातली ही पहिली वेळ. दारात त्यांचे पाय अडखळले, मी कोपरानं ढकललं. त्यांची पैठणी आणि चालणं बघून मालकाला वाटलं, प्रमुख पाहुण्यांच्या घरच्या कुणी थोर बाई आहेत. त्यानं पहिल्या रांगेत बसवलं आणि हातात नारळ दिला. तो नारळ त्यांनी आठवडाभर फोडला नाही.

मग डिझायनर लोकांच्या पोस्टखाली प्रतिक्रिया लिहायचं काम सुरू झालं. शिवराज म्हणाला होता, ओळख वाढवा, कौतुक करा. बाई लिहायच्या, "छान आहे बाळा, पण निऱ्या आखूड पडल्यात." एकाला तर तीन ओळींत काठ कसा लावावा ते शिकवलं. मला वाटलं, झालं, आता हे लोक बाईंना ब्लॉक करणार. पण जगाचं काही सांगता येत नाही. काठवाल्याला ते आवडलं.

फेब्रुवारीतल्या एका दुपारी मेल आला. पीआर कंपनीतल्या संस्कृती नावाच्या मुलीनं लिहिलं होतं की तो काठवाला डिझायनर यंदा हिमरूचं काम दाखवतोय, हिमरू जिथं विणतात त्या आमच्या गावाचं कुणीतरी समोर असावं अशी त्याची इच्छा आहे, दुसऱ्या रांगेत एक जागा आहे, उद्या संध्याकाळी सहापर्यंत होकार कळवावा. बाईंनी तो मेल मला चार वेळा वाचायला लावला. चारच्या आत सोसायटीला कळलं, पाचच्या आत दादरला. हिमरू शाल कपाटाबाहेर आली आणि खाली इस्त्रीवाल्या कडूबाकडे मोतिया रंगाची साडी गेली. अनंतरावांनीसुद्धा पेपर खाली ठेवला. मी खोटं कशाला बोलू, मलाही आनंद झाला.

"आत्ताच्या आत्ता हो लिहा," मी म्हटलं.

"नीरजा, लगेच हो म्हटलं की माणूस रिकामटेकडा दिसतो."

मी परोपरीनं सांगितलं की ही मुंबई आहे, ती मुलगी दिवसाला दोनशे मेल बघत असेल. बाई ऐकेनात. माझ्यासमोर त्यांनी उत्तर लिहिलं. आपला आग्रह पाहून आनंद झाला, घरी थोडी कार्यं आहेत, यजमानांची तब्येतही जपावी लागते, तरी बघते, जमलं तर नक्की येते. अनंतरावांची तब्येत ठणठणीत होती. ते त्या वेळी तिसरं थालीपीठ खात होते. मेल गेला आणि बाई शांतपणे दुसऱ्या बोलावण्याची वाट बघत बसल्या.

बसल्या म्हणजे रेल्वेचं आरक्षण करून बसल्या. नवा ब्लाउज शिवून आला. केसांना रंग लागला. एक दिवस गेला, दोन गेले, चार गेले. रोज सकाळी त्या मला विचारायच्या की मेल कधीकधी उशिरा येतात का. सहाव्या दिवशी मीच चिडून फोन लावून त्यांच्या हातात दिला. संस्कृती अतिशय गोड बोलली. स्पीकरवर मी ऐकत होते.

"मॅम, तुम्ही जमलं तर म्हणालात ना, म्हणून आम्ही ती सीट रिलीज केली. तुमच्याच शहरातल्या एकांना दिली. त्यांनी दहा मिनिटांत कन्फर्म केलं."

ते एक म्हणजे शिवराज होता. या गृहस्थाला हिमरू म्हणजे काय ते आमच्याच एका रीलवरून कळलं होतं. दुसऱ्या रांगेतला त्याचा फोटो आला, खांद्यावर कुठूनशी आणलेली हिमरू शाल, तीही उलटी. शालीची सुलट बाजू कोणती हे त्या मांडवात कुणालाच कळलं नाही, हे त्यातल्या त्यात समाधान. दादरच्या नणंदेनं तो फोटो बाईंना पाठवून खाली लिहिलं, "तू कुठे दिसत नाहीस?"

बाईंनी सोसायटीत सांगितलं की बोलावणं होतं, पण आग्रह नव्हता, म्हणून गेले नाही. मी मान डोलावली. दुसरं काय करणार? कडूबानं मात्र जिन्याखाली मला गाठलं. "वहिनी, मुंबईची साडी दोनदा इस्तरी करून पडलीय. आता लई दिस झाले. नेनार हाय का नाय कुनी?" मी ती घरी आणली आणि चार दिवस माझ्याच कपाटात ठेवली. वर न्यायला माझा पाय निघेना. मागं मी त्यांना मनातल्या मनात किती बोल लावले होते, आणि आता तेच बोल खरे ठरल्याचं मला वाईट वाटत होतं.

त्यानंतर रील बंद झाल्या. बाई भाजी आणायला जायच्या आणि यायच्या. कुणी काही विचारलं तर लगेच उत्तर द्यायच्या, आणि हेच मला बघवेना.

एप्रिलमध्ये माझ्या लेकाचं, वरदचं लग्न ठरलं, हर्सूलच्या एका कार्यालयात. तबक घेतलं, हळदीकुंकू, अक्षता, वर ती मोतिया साडी ठेवली आणि तीन खेपांची तयारी मनाशी करून जिना चढले. दार त्यांनीच उघडलं. मी म्हटलं, ताई, अठरा तारखेला वरदचं...

"येते," त्या म्हणाल्या. "किती वाजता?"

अक्षता माझ्या मुठीतच राहिल्या. मी वेळ सांगितली, कुंकू लावलं, साडी दिली. त्यांनी ती न बघता खुर्चीवर ठेवली. काही आणायचंय का म्हणून विचारलं. माझं काम एका मिनिटात झालं होतं. मी खाली निघाले. दुसऱ्या मजल्यापर्यंत उतरले आणि तिथंच थांबले. डोळे भरून आले होते, ते पदरानं पुसले. मग तबक सावरलं, पुन्हा वर गेले आणि बेल वाजवली.

"ताई, मघाशी अक्षता द्यायच्या राहिल्या," मी म्हटलं. "आणि असं नुसतं येते म्हणून चालणार नाही. तुम्ही नाही आलात तर वरद बोहल्यावर चढायचा नाही. यायलाच पाहिजे. मी उद्या परत येते विचारायला."

त्यांनी अक्षता घ्यायला हात पुढं केला. मग त्यांनी मान ताठ केली, खुर्चीवरची साडी उचलून काठावरून बोट फिरवलं.

"बघू," त्या म्हणाल्या, "जमलं तर येते."